पंखांचे बैल आणि त्यांची दारे

माणसाचे डोके, बैलाचे किंवा सिंहाचे धड आणि गरुडाचे पंख असा देह असलेला प्राचीन असिरियाचा द्वाररक्षक आज ‘लमासू’ या नावाने ओळखला जातो. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, शिकागो आणि बगदाद इथल्या संग्रहालयांत तो उभा आहे आणि त्या दालनांतली सर्वांत भव्य शिल्पे बहुधा हीच असतात. मात्र हा प्राणी दालनासाठी घडवलेला नव्हता. तो दारासाठी होता. राजवाड्याच्या किंवा नगराच्या दाराच्या दोन्ही बाजूंना त्याची जोडी उभी करायची, म्हणजे अनिष्ट ते बाहेरच थांबेल आणि राजाची वाट सुरक्षित राहील, अशी असिरियन राजांची श्रद्धा होती आणि त्यांनी ती आपल्या लेखांत नोंदवली आहे. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर शरभ कोरलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

असिरिया म्हणजे आजच्या उत्तर इराकमधला, मोसुल शहराच्या आसपासचा तैग्रिस नदीकाठचा प्रदेश. असुरनासिरपाल दुसरा (इ.स.पू. 883 ते 859) याने कल्हू इथे नवी राजधानी वसवली. तिलाच पुढे निम्रूद हे नाव पडले. तिथल्या राजवाड्याच्या उद्घाटनाला 69,574 पाहुणे जेवले, असे त्याच्याच एका शिलालेखात म्हटले आहे. त्या राजवाड्याच्या दारांना पंखधारी सिंह आणि बैल होते. त्यानंतर दीडशे वर्षांनी सारगोन दुसरा (इ.स.पू. 721 ते 705) याने दूर-शारुकिन, म्हणजे आजचे खोर्साबाद, वसवले. तिथले बैल आणखी मोठे, चार मीटरांहून उंच होते. सारगोन रणांगणावर मारला गेला आणि त्याचा देहसुद्धा हाती लागला नाही. त्याचा मुलगा सेन्नाखेरिब याने ती नवी कोरी राजधानी सोडून निनेवेला आपला मुक्काम हलवला आणि तिथे आपल्या राजवाड्यासाठी नवे बैल घडवून घेतले.

या शिल्पांची रचना नीट पाहण्यासारखी आहे. डोक्यावरच्या मुकुटाला शिंगांच्या जोड्या आहेत. मेसोपोटेमियात शिंगांचा मुकुट ही देवत्वाची खूण होती. कान बैलाचे, दाढी राजाच्या दाढीसारखी बारीक कुरळ्या बटांची, आणि पंखांतले प्रत्येक पीस वेगळे कोरलेले. निम्रूद आणि खोर्साबादच्या प्राण्यांना पाच पाय आहेत. समोरून येणाऱ्याला दोन पाय जुळवून ठाम उभा असलेला प्राणी दिसतो आणि दारातून आत जाताना बाजूने पाहिले की चार पायांनी चालणारा. दगडाच्या एकाच ठोकळ्यात स्थिर राखणदार आणि चालता सोबती असे दोन्ही साधायचे, तर पाचवा पाय लागतोच. ही युक्ती दारात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. सेन्नाखेरिबच्या काळात ती सोडून दिली गेली आणि बैल चार पायांवर आले. पायांच्या मधल्या मोकळ्या जागेत आणि मागच्या बाजूला कीलाक्षरांत राजाची बिरुदे, त्याचे विजय आणि त्याची बांधकामे कोरलेली असत.

एवढा दगड खाणीतून दारापर्यंत आणणे हेच एक राजकार्य होते. सेन्नाखेरिबने आपल्या राजवाड्याच्या भिंतीवर या कामाचीच दृश्ये कोरून घेतली. घसरगाडीवर आडवा ठेवलेला प्रचंड बैल, दोरखंड ओढणाऱ्या माणसांच्या रांगा, मागून तरफ लावणारे मजूर आणि रथातून पाहणारा राजा. हे पट्ट आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सारगोनच्या अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहारही मातीच्या पाट्यांवर शिल्लक आहे आणि त्यातल्या एका पत्रात बैल नावेत चढवल्यावर नावेला भार पेलला नाही, ती बुडाली, अशी तक्रार आहे. अडीच हजार वर्षांनी तिथल्याच नद्यांवर असेच पुन्हा घडले, ते पुढे येईल.

इ.स.पू. 612 मध्ये निनेवे पडले आणि असिरियाचे साम्राज्य संपले. कच्च्या विटांच्या भिंती ढासळून त्यांचे ढिगारे झाले आणि दारांतले प्राणी त्या मातीत गाडले गेले. त्यामुळेच ते टिकले.

मोसुलमधला फ्रेंच वकील पोल-एमिल बोत्ता याने 1843 मध्ये खोर्साबादला खणायला सुरुवात केली आणि पहिले असिरियन राजवाडे उजेडात आले. त्याने पाठवलेल्या शिल्पांचे दालन लुव्र संग्रहालयात 1847 च्या मे महिन्यात उघडले. युरोपातले हे पहिले असिरियन दालन. तोवर 1845 च्या नोव्हेंबरात ऑस्टिन हेन्री लेयार्ड हा इंग्रज निम्रूदला कामाला लागला होता. पुढच्याच वर्षी मातीतून एक अवाढव्य मानवी मस्तक वर आले, तेव्हा मजूर घाबरले. दंतकथेतला निम्रूद राजाच जमिनीतून उठतो आहे, अशी बातमी मोसुलपर्यंत गेली, शहरात गडबड उडाली आणि काही काळ काम थांबवावे लागले. मजुरांचे हे भय अडाणीपणाचे म्हणून बाजूला सारण्याचे कारण नाही. ज्याने हे शिल्प घडवले, त्याला पाहणाऱ्याच्या मनात नेमके हेच उमटवायचे होते. दोन हजार वर्षांहून अधिक काळ मातीत राहूनही त्या चेहऱ्याने आपले काम बजावले.

1847 च्या वसंतात लेयार्डने एक बैल आणि एक सिंह हलवायचे ठरवले. मोसुलमध्ये खास गाडा बांधून घेतला. बैल खाली आडवा करताना दोर तुटले आणि तो शेवटचे चार-पाच फूट धाडकन खाली आला, पण त्याला तडाही गेला नाही. सुमारे तीनशे माणसांनी तो गाडा तैग्रिसपर्यंत ओढला. तिथून हवा भरलेल्या शेकडो पखालींवर बांधलेल्या तराफ्यांवरून तो बसऱ्याला गेला. असे तराफे असिरियन शिल्पांतही कोरलेले आहेत. लेयार्डने जुनीच वाहतूक वापरली, कारण त्या नदीवर दुसरी चालणारी नव्हती. हे दोन्ही प्राणी 1850 मध्ये लंडनला पोचले.

या प्रवासात मुंबईचा भाग मोठा होता आणि त्याची आठवण मराठी वाचकांत फारशी नाही. बगदादमधला इंग्रजी रेसिडेंट ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस असे आणि आखातातल्या जहाजांची ये-जा मुंबईशी चाले. 1843 पासून या पदावर असलेला हेन्री रॉलिन्सन हा सोळा-सतरा वर्षांचा असताना, 1827 मध्ये, कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाला होता. फारसीचा पाया त्याने हिंदुस्थानातच घातला. पुढे इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावरचा प्राचीन इराणी सम्राट दारयवहूचा त्रिभाषी लेख त्याने उतरवून घेतला आणि कीलाक्षरे वाचण्याच्या कामाला त्यातून मोठी चालना मिळाली. बैलांच्या पायांमधला मजकूर वाचता येऊ लागला, त्यामागे या मुंबई सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या कष्टांचा मोठा वाटा आहे.

लेयार्डने बसऱ्याहून पाठवलेल्या सुरुवातीच्या पेट्या मुंबई बंदरात उतरल्या आणि पुढच्या जहाजाची वाट पाहत इथे राहिल्या. असिरियन राजा शाल्मानेसर तिसरा याचा प्रसिद्ध काळा स्तंभही याच वाटेने गेला. मुंबईत पेट्या उघडल्या गेल्या आणि आतल्या वस्तू लोकांना दाखवल्या गेल्या. लेयार्डने पुढे आपल्या ग्रंथात याबद्दल संताप व्यक्त केला. परवानगी न घेता पेट्या उघडल्या, मांडणी विस्कटली आणि काही लहान वस्तू नाहीशा झाल्या, असे त्याचे म्हणणे होते. त्याचा राग रास्त होता. तरी इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट उरते. निम्रूदच्या या वस्तू लंडनच्या आधी मुंबईकरांनी पाहिल्या.

मुंबईला या उत्खननाचा थोडा वाटाही मिळाला. असुरनासिरपालच्या राजवाड्यात दारांना पंखधारी सिंह आणि बैल होते, तसे भिंतींवर पंखधारी रक्षकांचे उठाव पुन्हा पुन्हा कोरलेले होते. काहींचे तोंड माणसाचे, काहींचे गरुडाचे. एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात शंकूसारखे फळ घेऊन ते राजाचे किंवा पवित्र वृक्षाचे शुद्धीकरण करतात. त्या राजवाड्यातले काही शिल्पपट्ट आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. 2023 च्या डिसेंबरात याच संग्रहालयात भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस आणि रोम यांची प्राचीन शिल्पे शेजारी शेजारी मांडणारे प्रदर्शन भरले होते.

लंडनमध्ये या प्राण्यांचे स्वागत मात्र एकमुखी नव्हते. लेयार्डचा ‘निनेवे अँड इट्स रिमेन्स’ हा ग्रंथ 1849 मध्ये निघाला आणि हातोहात खपला. बायबलमध्ये ज्यांची नावे वाचली ते राजे खरोखर होऊन गेले, याचा पुरावा मिळाल्याने सामान्य लोक दालनात गर्दी करू लागले. दान्ते गॅब्रिएल रोझेटी याने संग्रहालयात आणल्या जाणाऱ्या बैलावर दीर्घ कविता लिहिली. पण संग्रहालयाशी संबंधित जाणकारांना ग्रीक शिल्पाखेरीज दुसरे काही कला म्हणून मान्य नव्हते. रिचर्ड वेस्टमॅकॉट या मूर्तिकाराने 1853 मध्ये संसदेच्या समितीपुढे निनेवेची शिल्पे ही अगदी निकृष्ट कला असल्याचे सांगितले. कल्पित प्राणी म्हणजे रानटी कल्पना, हा ग्रह त्यामागे होता. अनेक हात आणि प्राण्यांची मुखे असलेल्या भारतीय देवमूर्तींनाही युरोपीय अभ्यासकांच्या तोंडून दीर्घकाळ हेच ऐकावे लागले. दोन्हीकडे चूक एकच होती. ही शिल्पे कशासाठी आणि कुठे उभी करायची होती, हे न विचारता ती ग्रीक देहाच्या मापाने मोजली गेली.

वेगळ्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांत जेम्स फर्ग्युसन होता. वेरूळ, अजिंठा, कार्ले इथल्या लेण्यांचा अभ्यास करणारा म्हणून महाराष्ट्रातल्या इतिहासप्रेमींना तो परिचित आहे. त्याने 1851 मध्ये निनेवे आणि पर्सेपोलिसच्या राजवाड्यांच्या पुनर्रचनेवर पुस्तक लिहिले आणि 1854 मध्ये लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ‘निनेवे कोर्ट’ उभारताना त्याचे मार्गदर्शन होते. तिथे बैल रंगवलेले होते, भिंती भडक होत्या आणि बैल पुन्हा दाराशी उभे होते. तपशिलात त्याच्या चुका असतील, पण हा प्राणी वास्तूचा अवयव आहे हे त्याने ओळखले. 1866 च्या आगीत ते दालन जळून गेले.

खोर्साबादचे दोन बैल रॉलिन्सनने ब्रिटिश म्युझियमसाठी मिळवले. ते एकसंध हलवणे अशक्य म्हणून करवतीने कापून त्यांचे तुकडे नेले गेले आणि लंडनमध्ये जोडले गेले. जोडाच्या रेषा आजही दिसतात. प्रत्येकी सुमारे 16 टन वजनाच्या या जोडीतल्या एका बैलाच्या पायथ्याशी सोंगट्यांच्या खेळाचा वीस घरांचा पट ओरखडलेला सापडला आहे. दारावरच्या पहारेकऱ्यांनी वेळ काढायला तो कोरला असावा. राजाच्या बिरुदांपेक्षा हा वेडावाकडा पट त्या दारातल्या रोजच्या आयुष्याबद्दल अधिक सांगतो.

फ्रेंचांचे नशीब इतके चांगले नव्हते. बोत्तानंतर आलेल्या व्हिक्टर प्लास याने खोर्साबादमधून गोळा केलेल्या शिल्पांच्या पेट्या 1855 मध्ये तराफ्यांवरून आणि नावेतून निघाल्या. तैग्रिस आणि फरात जिथे मिळतात त्या कुर्ना गावाजवळ टोळ्यांनी हल्ला केला आणि दोनशेहून अधिक पेट्या नदीत बुडाल्या. त्यातले फारच थोडे पुढे हाती लागले. आज लुव्रच्या खोर्साबाद चौकात मूळ शिल्पांबरोबर एका बैलाची साच्यातली प्रतिकृती उभी आहे आणि तिचा मूळ बैल शिकागोत आहे. शिकागो विद्यापीठाच्या संग्रहालयातला हा सुमारे 40 टनांचा बैल 1929 मध्ये खोर्साबादला सापडला. तो मुळातच भंगलेला होता आणि इराक सरकारने दिल्यावर तुकड्या-तुकड्यांनी अमेरिकेला गेला.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या बैल-सिंहाच्या जोडीची वाट आणखी वेगळी. लेयार्डने निम्रूदचे काही पट्ट आणि ही जोडी आपली नातलग लेडी शार्लट गेस्ट हिला दिली. तिने इंग्लंडमधल्या कॅनफर्ड मॅनर या आपल्या वाड्यात त्यांच्यासाठी ‘निनेवे पोर्च’ नावाचे स्वतंत्र दालन बांधले. तिच्या मुलीशी, एनिडशी, लेयार्डने 1869 मध्ये लग्न केले. पहिल्या महायुद्धानंतर ही शिल्पे विकली गेली आणि अखेर जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांच्या देणगीतून 1932 मध्ये मेट्रोपॉलिटनमध्ये आली. वाड्याची पुढे शाळा झाली. तिथल्या खाऊच्या दुकानाच्या भिंतीत रंगाखाली झाकलेला एक पट्ट सगळ्यांनी प्लास्टरची नक्कल समजून सोडून दिला होता. तो अस्सल असल्याचे 1990 च्या दशकात उघड झाले आणि 1994 मध्ये तो 77 लाख पौंडांना जपानच्या मिहो संग्रहालयाने घेतला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनऱ्यांनीही बायबलच्या पुराव्यासाठी असे पट्ट आपल्या महाविद्यालयांना पाठवले होते. त्यांपैकी पंखधारी रक्षकाचा एक पट्ट 2018 मध्ये सुमारे 3 कोटी 10 लाख डॉलरना विकला गेला. अनिष्ट बाहेर ठेवण्यासाठी कोरलेल्या प्रतिमेची किंमत लिलावात अशी ठरावी, हे खेदाचे आहे. अशा किमतींची बातमी चोरट्यांपर्यंतही पोचते.

इराकमध्ये त्याचे परिणाम दिसले. खोर्साबादच्या एका दारातला बैल 1992 मध्ये खणून काढला गेला. आखाती युद्धानंतरच्या निर्बंधांच्या काळात, 1995 मध्ये, चोरट्यांनी त्याचे डोके कापून नेले. ते परत मिळाले आणि आता बगदादच्या इराक संग्रहालयात आहे. धड पुन्हा मातीत झाकून ठेवले होते, ते 2023 च्या ऑक्टोबरमध्ये फ्रेंच आणि इराकी पथकाने बाहेर काढले. सुमारे 18 टनांचे ते धड जवळजवळ शाबूत निघाले. जिथे झाकायला माती नव्हती तिथे असे झाले नाही. 2015 च्या फेब्रुवारीत इस्लामिक स्टेटच्या हल्लेखोरांनी निनेवेच्या नेर्गल दरवाज्यातल्या बैलाचा चेहरा यंत्राने फोडल्याची आणि मोसुल संग्रहालयातली शिल्पे तोडल्याची चित्रफीत जगाने पाहिली. त्याच वर्षी निम्रूदचा राजवाडा स्फोटकांनी उडवला गेला.

या विध्वंसानंतर पाश्चात्त्य संग्रहालयांनी शिल्पे नेली म्हणून ती वाचली, असा युक्तिवाद पुन्हा जोराने मांडला गेला. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. कुर्नाजवळ नदीच्या तळाशी गेलेल्या पेट्या, करवतीने कापलेली धडे आणि पुढे बाजारभावाने वाढलेली चोरी हाही त्याच नेण्याचा हिशेब आहे. 2018 मध्ये इराकी वंशाचे अमेरिकन कलावंत मायकेल राकोविट्झ यांनी लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात नेर्गल दरवाज्याच्या बैलाची प्रतिमा खजुराच्या काकवीच्या 10,500 डब्यांतून उभारली. ब्रिटिश म्युझियममधल्या निम्रूदच्या प्राण्यांची बारकाईने मापे घेऊन केलेल्या प्रतिकृती 2019 मध्ये मोसुल विद्यापीठात बसवल्या गेल्या. प्रतिकृती असल्या तरी त्या ज्या लोकांच्या आहेत त्यांच्या गावी उभ्या राहिल्या, हे महत्त्वाचे आहे.

असिरियाचा हा प्राणी दुसऱ्याही एका वाटेने मुंबईत आला. प्राचीन इराणच्या हखामनी सम्राटांनी मेसोपोटेमिया जिंकल्यावर तिथल्या राजचिन्हांसह तो उचलला. पर्सेपोलिसला क्षयार्षाच्या (इ.स.पू. 486 ते 465) ‘सर्व राष्ट्रांच्या दरवाज्या’त मानवी मुखाचे पंखधारी बैल आहेत, मात्र चारच पायांचे. ते कधी पुरते गाडले गेले नाहीत, म्हणून प्रवाशांनी त्यांची चित्रे काढली आणि ती ग्रंथांतून पसरली. एकोणिसाव्या शतकात आपल्या इराणी वारशाचा शोध घेणाऱ्या मुंबईच्या पारशांनी पर्सेपोलिसचे खांब आणि बैल आपल्या अग्यारींच्या दर्शनी भागात घेतले. दादाभाई नौरोजी मार्गावरच्या, 1881 मध्ये बांधलेल्या वाच्छा अग्यारीच्या प्रवेशाशी दोन भव्य पंखधारी बैल उभे आहेत. फोर्टमधल्याच माणेकजी सेठ अग्यारीच्या दारातही तशी जोडी आहे. पारशी पूजाविधीत या प्राण्याला स्थान नाही. तो इथे पूर्वजांच्या राज्याची खूण म्हणून आला. पण दगडी दार, दोन्ही बाजूंना जोडी आणि आत पवित्र जागा हा मूळ संबंध त्याने इथे पुन्हा मिळवला. जगातल्या मोठ्या संग्रहालयांनी दिव्यांची योजना आणि कमानी करून जे साधण्याचा प्रयत्न केला, ते फोर्टमधल्या त्या रस्त्यावर सहज झाले आहे.

अग्यारीत पारशांखेरीज इतरांना प्रवेश नसतो, पण दाराचे बैल रस्त्यावरूनच पूर्ण दिसतात आणि निम्रूदचे शिल्पपट्ट असलेले वस्तुसंग्रहालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मुंबईच्या वाचकाने दोन्ही एकाच फेरीत पाहावेत, आणि आधी बैल पाहावेत.